त्रेसष्ट नंबरचं पुस्तक

परवा नागपूरहून एका मासिकाच्या संपादकाचा फोन आला. मुलगा तरुण, बोलणं गोड, घाई भरपूर. म्हणाला, "मॅडम, दिवाळी अंकात एक चौकट करतोय. लिहिणाऱ्यांनी काय वाचावं, आणि रोजचं जगणं बरं राहावं म्हणून काय वाचावं. तुम्ही पाच पुस्तकं सुचवा, प्रत्येकी दोन ओळी." मी म्हटलं, पाच नाहीत, एकच आहे, आणि दोन्ही कामांना तेच चालतं. तो खूश झाला. नाव विचारलं. नाव मला माहीत नाही म्हटल्यावर जरा थांबला. लेखक? तोही माहीत नाही. मुखपृष्ठ? खाकी, शाळेच्या हाफपँटचं. त्यानंतर तो फारच आदराने बोलायला लागला, वय झालेल्या बायकांशी बोलतात तसा, आणि "मी पुन्हा करतो हं फोन" म्हणून त्याने आवरतं घेतलं. त्याचं काही चुकलं नाही. ही गोष्ट दोन ओळींत बसणारी नव्हेच.

आमचं गाव इटियाडोहच्या कालव्यावरचं, धानाचं, आणि आमचं घर म्हणजे गावची हालर. धान भरडून तांदूळ काढायचं मशीन, त्याला आमच्याकडे लहानथोर सगळे हालरच म्हणायचे. पुढच्या अर्ध्यात मशीन, मागच्या अर्ध्यात आम्ही, मध्ये एक कुडाची भिंत. सकाळी बाबांनी मोटार सुरू केली की पट्टा फटफटायला लागायचा, चाळणी थरथरायची, फळीवरचे पितळी डबे आपले आपणच वाजत एका कडेला सरकायचे, आणि संध्याकाळी माय ते पुन्हा जागेवर लावायची. या आवाजात आमचा संसार चालायचा. त्यामुळे हळू बोलणं म्हणजे काय ते आम्हाला ठाऊकच नव्हतं. "निमे, भात घेते का वो अजून?" हे माय इतक्या जोरात विचारायची की कालव्यावर गुरं राखणाऱ्यालाही आमच्या घरात कोण किती जेवलं ते कळावं. नवीन पाहुणे आले की अंगणातच थबकायचे. त्यांना वाटायचं आत भांडण पेटलंय. लाइन जायची तेव्हा तर गंमतच. मशीन गप्प व्हायचं, पण आम्ही दोन-चार मिनिटं तसेच ओरडत राहायचो, आणि मग आपलाच आवाज कानावर पडून सगळे एकदम ओशाळून चूप. ती सवय माझी अजून गेलेली नाही. मी फोनवर बोलायला लागले की आमचे हे म्हणतात, फोन ठेवून दे, तशीच बोललीस तरी पुण्याला ऐकू जातंय.

आवाजाच्या जोडीला कोंडा. तो अंथरुणात, वेणीत, भुवयांवर, आणि झाकण ठेवायला विसरलं तर लाखोरीच्या डाळीवरसुद्धा. माय लाखोरीचे वडे तळायची तेव्हा कढईवर सुपाचा आडोसा धरून मला उभं करायची. एका हाताने सूप धरायचं आणि दुसऱ्या हाताने गरम वडा तोंडात टाकून जीभ पोळून घ्यायची, हा माझा हिवाळ्यातला ठरलेला कार्यक्रम. अंबाडीची भाजी, कालव्यातल्या वाळलेल्या झिंग्यांची चटणी आणि नव्या तांदळाचा भात असला की बाबा काही न बोलता दोनदा भात घ्यायचे. तसे ते मुळात कमीच बोलायचे. मशीनपाशी बोलून उपयोग नसतो, सगळं बोटांवर चालतं. गिऱ्हाईक दोन बोटं दाखवायचं, बाबा मान हलवायचे, झालं बोलणं. पण त्यांचे कान मात्र विलक्षण होते. हालरच्या पोटात एक पातं असतं. ते जास्त घट्ट झालं की तांदूळ तुटून कणी होते, सैल राहिलं की धान तसंच बाहेर येतं. बाबा ते पातं आवाजावर लावायचे. बाहेर बाजेवर बसलेले असले तरी एकदम उठून आत जायचे, स्क्रू एवढासा फिरवायचे आणि परत येऊन बसायचे. आम्हाला काही फरक कळायचा नाही. पण आजूबाजूच्या चार गावांचे लोक बैलगाडीने धान घेऊन आमच्याचकडे यायचे, कारण आमच्या तांदळात कणी नसायची.

आता दुसरं ठिकाण सांगते, म्हणजे डोमाजी मास्टरचं दुकान. मास्टर म्हणजे शिंपी. गावातल्या वाचनालयाची खोली एका पावसाळ्यात बसली, तेव्हा पुस्तकांची दोन कपाटं "थोडे दिवस ठेवून घ्या" म्हणून मास्टरच्या दुकानात आणून ठेवली, आणि ती तिथेच राहिली. दीडेकशे पुस्तकं असतील. वाळवीने आणि ओलीने त्यांचे पुठ्ठे गेले होते, बऱ्याचशांची सुरुवातीची पानंही गेली होती. मास्टरना उघडी पुस्तकं बघवेनात. त्यांनी शाळेच्या हाफपँटच्या उरलेल्या खाकी कापडाची सगळ्यांना कव्हरं शिवली, मशीनवर, डबल शिलाई मारून, आणि वर लाल दोऱ्याने नंबर काढला. त्यामुळे आमच्या गावात पुस्तकांना नावं नव्हती, नंबर होते. "बावीस नंबर वाचलं का?" "एकशे चौदात लय रडाले येते." कॉलेजात गेल्यावर मी मोठमोठी नावं पहिल्यांदा ऐकली आणि तिथल्या लायब्ररीत ती पुस्तकं चाळली, तेव्हा कळलं की हे तर आपलं सत्तेचाळीस.

मास्टर पुस्तक असंच देत नसत. गळ्यात टेप असायची, समोर उभं करून वरपासून खालपर्यंत बघायचे आणि विचारायचे, "झोप कशी हाये? जेवन जाते का? कोनाशी बोलाचाली बंद हाये?" याला ते माप घेणं म्हणायचे. माप घेतल्यावर कपाटापुढे जायचे आणि एखादा नंबर काढायचे. दुसरा नियम असा की, प्रत्येक खाकी कव्हराला आतून एक खिसा शिवलेला होता, आणि पुस्तक परत करताना त्या खिशात एक चिठ्ठी टाकायची. चिठ्ठी नसेल तर पुढचं पुस्तक नाही. मी पहिल्यांदा चिठ्ठी लिहिली तेव्हा पुस्तकाची सगळी गोष्ट सांगून टाकली, पाठपोट. मास्टरनी ती वाचली आणि परत दिली. "पुस्तकात काय हाये ते कायले सांगतं वो? ते पुस्तकात हायेच. तुले काय झालं ते लिही." मी तिथेच बाकावर बसून लिहिलं की हे वाचताना भाताला आधण ठेवलेलं विसरले आणि मायने मारलं. मास्टरनी ती चिठ्ठी खिशात टाकली. लिहिण्याबद्दल त्यानंतर मी पुष्कळ भाषणं ऐकली, काही स्वतःही ठोकली, पण याहून जास्त कोणी काही सांगितल्याचं आठवत नाही.

माझं अक्षर चांगलं होतं. जरा डावीकडे कललेलं, पण ठसठशीत. ज्यांना लिहिता येत नव्हतं ते कोणाकडून तरी पुस्तक वाचून घ्यायचे आणि चिठ्ठी मला सांगायचे. हळूहळू माझा भाव वाढला. मी अकरावीला होते, अंगात वारं शिरायचंच वय. सांगणाऱ्याने एक वाक्य सांगितलं की मी दोन लिहायची, आणि दुसरं पहिल्यापेक्षा चांगलं असायचं. मग वर्गातल्या मुली चिठ्ठ्या मागायला लागल्या. कुसुम नावाची माझी मैत्रीण होती, ती तर पुस्तक न्यायची फक्त घरच्यांना दाखवायला. एकदा त्रेसष्ट नंबर हातात घेऊन आली आणि म्हणाली, "निमे, माही चिठ्ठी लिहून दे ना. मी वाचलं नाही." कशाबद्दल आहे विचारलं, तर म्हणते, "तब्येतीचं हाये वाटते. सकाळी लवकर उठा म्हनून लिहून हाये." एवढ्यावर मी लिहिलं. "पंधरा दिवस मला झोप येत नव्हती. हे पुस्तक रोज एक पान वाचलं. आता पडल्या पडल्या झोप लागते आणि घरातल्या माणसांवर चिडणं बंद झालं." खाली कुसुमचं नाव. कुसुम वर्गात बसल्या बसल्या झोपायची, तिला झोप येत नव्हती हे वाचून आम्ही दोघी पोट धरून हसलो. चिठ्ठी मात्र फार झकास उतरली होती, आणि मला तिचा अभिमान होता.

त्या हिवाळ्यात बाबांचं काहीतरी बिनसलं. आधी कमी बोलायचे, आता बोलेनासेच झाले. काही विचारलं की "हव" म्हणायचे, म्हणजे हो. मी म्हटलं, बाबा, शाळेची सहल आहे, "हव". मायने विचारलं, मीठ संपलं का, "हव", आणि मीठ भरलेलं. आमच्याबरोबर जेवायला बसणं बंद केलं, ताट घेऊन मशीनपाशी जायचे. उगाच चिडायचे. आणि ज्याच्या नावाने आमची हालर ओळखली जायची त्या तांदळात कणी यायला लागली. एक म्हातारी सुपात तांदूळ घेऊन परत आली आणि बाबांच्या पुढ्यात धरून म्हणाली, "काय गा, हे तांदूळ हाये का रवा?" बाबांनी तिचं सूप हातात घेतलं, बराच वेळ त्याच्याकडे बघितलं, आणि आमच्या घरातले चांगले तांदूळ आणून तिला भरून दिले. मायने सांगितलं की ते झोपतही नाहीत, नुसते छताकडे बघत पडलेले असतात. डॉक्टरकडे चला म्हटलं की "हव" म्हणतात आणि जात नाहीत. माय घाबरली होती. ती घाबरली की भांडी जोरात घासते, आणि त्या दिवसांत आमच्या भांड्यांत तोंड दिसत होतं.

आणि मग ते बोटाचं प्रकरण सुरू झालं. बाबा सकाळी उठले की सरळ मशीनच्या बाजूला जाऊन पाठमोरे बसायचे, आणि कोणी जवळ गेलं की मागे न बघता एक बोट वर करायचे. म्हणजे थांब, बोलू नको. अर्धा-पाऊण तास असा गेल्यावर उठून मोटार सुरू करायचे. माय वैतागली. "चहा देला तं बोट, पानी देलं तं बोट. मौन धरलं का काय मानसानं?" आमच्या घरातली गोष्ट गावाला कळायला वेळ लागत नाही, कारण आम्ही ती ओरडूनच बोलायचो. दोन दिवसांत बाया विचारायला आल्या, कोन्या महाराजाचं व्रत हाये वो, आमच्या घरचा मानूस बी लय बोलते, त्याले सांगतो. एकीने तर नारळ आणून मशीनपुढे ठेवला. बाबांनी तिलाही बोट दाखवलं. ती नमस्कार करून गेली.

मला हे सगळं फार मजेदार वाटत होतं, ते एका दुपारपर्यंत. लाइन गेली होती, बाबा धान बघायला कोणाच्या तरी खळ्यावर गेले होते, आणि मायने मला पट्ट्याला लावायच्या राळेचा डबा मागितला, तिला तो कुठल्याशा फुटक्या भांड्याला हवा होता. डबा मशीनमागच्या कोनाड्यात. तो उचलला तर मागे खाकी कव्हर. लाल दोऱ्यात त्रेसष्ट. बाबांनी आयुष्यात पुस्तक हातात घेतलेलं मी बघितलं नव्हतं. मी खिसा चाचपला. आत एकच चिठ्ठी होती, माझी. झोप लागते, चिडणं बंद होतं, रोज एक पान. बाबांनी पानात खूण म्हणून धानाच्या तणसाची काडी घातली होती, आणि ती साठाव्या-बासष्टाव्या पानावर पोचली होती. म्हणजे दोन महिने ते माझ्या थापेवर रोज एक पान वाचत होते.

मी तशीच चपला न घालता मास्टरकडे गेले. ते गुंड्या लावत होते. मी विचारलं, बाबांना त्रेसष्ट नंबर तुम्ही दिलं? मास्टर म्हणाले, "हव. दुकानात कोनी नव्हतं तवा आला. माप देलं. म्हने, मास्टर, झोपेचं काही हाये का. मी खिसे पाहून राहिलो, तं कुसुमची चिठ्ठी. एवढी चांगली चिठ्ठी कोनत्याच खिशात नाही." मी म्हटलं, पण पुस्तक कशाचं आहे ते तुम्हाला माहीत नाही? ते दोरा तोडून माझ्याकडे बघायला लागले. "पुस्तक कोठी वाचतो मी पोरी? मले शिवाले पुरत नाही. मी चिठ्ठ्या वाचतो. सगळ्या पाठ हायेत." तेव्हा मला रडू फुटलं आणि मी सगळं सांगून टाकलं. मास्टर रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत, पण त्यांचा चेहरा असा काही पडला की त्यापेक्षा दोन लगावल्या असत्या तर बरं. हातातली गुंडी खाली ठेवून म्हणाले, "अजून किती हायेत अशा?" मी सांगितलं, अकरा. "उद्यापासून एकेक वाचून काढ आन् खऱ्या लिही. पन बाबाले तूच सांग. शिवण तुही हाये, मी नाही उसवनार."

घरी आले तेव्हा लाइन अजून यायची होती. मी कोनाड्यापाशी बसून पुस्तक उघडलं. बाबांना निदान काय वाचायला लावलं ते तरी बघावं. पहिली चार-सहा पानं नव्हतीच. मग सुरुवात: लेखक होऊ इच्छिणाऱ्याने पहाटे उठावे. कोणाशीही चकार शब्द न बोलता, काल जे पाहिले ते एका पानावर लिहावे. चांगले लिहिण्याच्या भानगडीत पडू नये. पाहिले नाही ते लिहू नये. मी थक्क. पुढे चाळलं. पाकिटावर पुरेशी तिकिटे लावावीत. संपादकाच्या दारी वारंवार जाऊ नये. लेख परत आल्यास खचून जाऊ नये. हे पुस्तक झोपेचं नव्हतं, तब्येतीचंही नव्हतं. लेखक कसं व्हावं याचं होतं, आणि इटियाडोहच्या कालव्यावरचा एक हालरवाला ते औषधासारखं घेत होता. बोट वर करायचं गूढ उकललं आणि मला एकटीलाच हसू आलं. पण ते फार टिकलं नाही, कारण मग मनात आलं, सकाळी पाठमोरं बसून बाबा लिहीत असतील तर ते लिहिलेलं कुठेतरी असणार.

ते राळेच्या डब्याखालीच होतं. माझी दहावीची प्रॅक्टिकलची वही. तिच्यात एक पान आखलेलं आणि समोरचं कोरं असतं. आखलेल्या बाजूला माझ्या अक्षरात प्रयोग, आणि समोर कोऱ्या बाजूला बाबांची पेन्सिल. बाबा सातवी शिकलेले. अक्षर मोठं, दाबून काढलेलं. एका पानावर होतं, "लाखोरीचे वडे झाले. तेलात टाकते तवा चर्र करते. आज नाही केलं. चव बरी होती." दुसऱ्यावर, "झाडावर पाखरू होतं. चोच उघडून होतं. बोलून राहिलं असन." आणखी एकावर, "रातभर कानात शिट्टी. गाडी येत नाही, शिट्टीच येते." आणि मग, "पातं लावाले गेलो. हालर चालू हाये का बंद, हात लावून पाहा लागते. म्हातारीचे तांदूळ तोडले. तिले काय सांगू." त्याच्या पुढच्या पानावर मी होते. "निमी दारात उभी राहून काही म्हनली. मी हव म्हनलो. काय म्हनली मालूम नाही. हव म्हनलं का पोरगी हासत जाते." मला आठवलं, मी सहलीचं विचारलं होतं. मी खरंच हसत गेले होते. बाबांना ऐकू येत नव्हतं, आणि आमच्या त्या बोंबलणाऱ्या घरात एवढे महिने कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी ती वही छातीशी धरून रडले, आणि नेमकी तेव्हाच लाइन आली, म्हणून माझं रडणं कोणी ऐकलं नाही.

त्या वहीतली वाक्यं मी आजही कधीकधी मनात घोळवते. मी वीसेक पुस्तकं लिहिली, पुरस्कारांच्या शाली कपाटात मावत नाहीत, पण "चव बरी होती" इतकं सरळ मला एकदाही लिहिता आलेलं नाही. सकाळचा एक पानाचा नियम मात्र मी तेव्हापासून पाळते आहे. आमचे हे चहा घेऊन आले की त्यांनाही बोट दिसतं. झोपेचं म्हणाल तर मला लिहूनही धड लागत नाही, तेव्हा त्या बाबतीत या पुस्तकाची खात्री मी देत नाही.

मायला मी सांगितलं, पहिल्यांदाच हळू आवाजात. ती म्हणाली, "मी समजून राहिली होती का माह्यावर नाराज हायेत." दुसऱ्या दिवशी तिने बाबांच्या पुढे उभं राहून स्वतःच्या कानाला हात लावला आणि गोंदियाच्या दिशेने बोट केलं. बाबांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखे ते भिंतीला टेकले. त्या वेळी ते "हव" म्हणाले ते खरं होतं. मी आणि बाबा पॅसेंजरने गोंदियाला गेलो. कानाचे डॉक्टर हिंदीत बोलले, मोठ्याने, आणि तरी मला सगळं कागदावर लिहून बाबांना दाखवावं लागलं. डावा कान गेलेला. उजवा निम्मा राहिलाय, तो सांभाळायचा. कापूस घालायचा, मशीनपासून जमेल तितकं लांब बसायचं. शिट्टी जाणार नाही, तिची सवय होईल. "भाईसाहब, इतने दिन बताया क्यों नहीं?" डॉक्टरांनी विचारलं. मी ते लिहिलं. बाबांनी वाचलं आणि म्हणाले, "हालरवाल्याले कान नाही म्हटलं तं धान कोन आनन जी?"

परतीच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. दुपारची वेळ, डबा भरलेला. कोणी शेंगा सोलत होतं, चार मास्तर लोक पत्ते कुटत होते, एका बाईच्या मांडीवरची कोंबडी मधूनच ओरडत होती. बाबा कानात कापूस घालून बाहेर शेतांकडे बघत होते, आणि कित्येक महिन्यांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता. मला राहवेना. आपण याच माणसाला फसवलं, आणि हा आपल्यालाच सोबत घेऊन आला. डॉक्टरांच्या कागदाच्या मागे मी लिहिलं, "बाबा, त्रेसष्ट नंबरची चिठ्ठी खोटी होती. कुसुमने पुस्तक वाचलं नव्हतं, मीपण वाचलं नव्हतं. मी मनाने लिहिलं. ते झोपेचं पुस्तक नाहीच." गाडी हलत होती, ओळी वाकड्या आल्या. कागद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि मी मान खाली घातली.

बाबांनी तो सावकाश वाचला. मग हसले. "मले मालूम हाये," ते म्हणाले. आपला आवाज केवढा आहे याचा त्यांना अंदाज नव्हता. पत्ते थांबले. "दुसऱ्याच पानावर समजलं, हे झोपेचं नाही. त्याच्यात पाकिटं हायेत, तिकिटं हायेत."

मी कागद ओढून घेतला आणि लिहिलं, "मग दोन महिने वाचलं कायले?"

बाबांनी कागद दोनदा वाचला. शर्टाच्या खिशात हात घातला, काही सापडलं नाही तसा तो रिकामाच बाहेर काढला, आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

"चिठ्ठीत अक्षर तुहं होतं ना वो," ते म्हणाले. "तुहा आवाज येनं बंद झालता. म्हटलं, अक्षर तं येऊन राहिलं."

सगळ्या डब्याने ते ऐकलं.